इंचकेप साहेबांची कात्री आणि पौंडातली पेन्शन

धंदा मंदावला की आपली कापडवाल्यांची पहिली नजर कुठे जाते? गुमास्त्याच्या पगारावर. भाडे आणि व्याज आपल्या हातात नसते ना! १९२२ साली इंग्रज सरकारवरही हीच पाळी आली. पहिल्या महायुद्धानंतर तिजोरीत सतत तूट पडत होती. म्हणून काटकसर समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर पी. अँड ओ. जहाज कंपनीचे प्रमुख लॉर्ड इंचकेप. सभासदांत मुंबईच्या कापूसबाजारातले पुरुषोत्तमदास ठाकूरदासही होते. म्हणजे हिशेब व्यापाऱ्यांच्याच हाती दिला.

१९२३ साली समितीने सुमारे १९ कोटी २५ लाखांची कपात सुचवली. त्यातली निम्म्याहून जास्त लष्करी खर्चात होती.

पण खरी मेख पेन्शनची. आय.सी.एस. साहेबाला २५ वर्षांच्या नोकरीनंतर वर्षाला १००० पौंड मिळत. रुपये नव्हे, पौंड! १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत, तेव्हा ही पेन्शन दहा हजार रुपयांना पडे. पुढे चांदी घसरली. १८९० नंतरच्या काही वर्षांत रुपया चौदा पेन्सच्या आसपास आला आणि तीच पेन्शन सतरा हजारांवर गेली. साहेब तोच, काम तेच, नोकर एकही वाढला नाही. परदेशी माल उधारीवर मागवून हुंडणावळीत हात पोळलेल्यांना हे जास्त समजवायला नको. नोकरीत असलेल्या गोऱ्या साहेबांना तर या घसरणीबद्दल १८९३ पासून वेगळा भत्ता सुरू झाला. रयतेला कसली भरपाई?

इंचकेप अहवालाच्याच वर्षी मिठावरचा कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. कायदेमंडळाने नाकारला, तरी व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या अधिकारात लादला. लगेच १९२४ मध्ये ली कमिशनने गोऱ्या अधिकाऱ्यांना जादा भत्ता आणि विलायतेच्या जाण्यायेण्याची तिकिटे सुचवली. एका हाताने कात्री, दुसऱ्या हाताने थैली! १९३१ च्या मंदीत पगार दहा टक्के कापले, पण १९३५ पर्यंत तेही पूर्ववत झाले.

पेन्शनचे हे खाते १९४८ साली निकालात निघाले. युद्धकाळात आपले जे पौंड लंडनमध्ये साठले होते, त्यातून भारत सरकारने ब्रिटनला एकरकमी सुमारे १६ कोटी ८० लाख पौंड दिले. त्याच्या बदल्यात दरवर्षी घटत जाणारे हप्ते घेतले आणि त्यांतून गेलेल्या साहेबांच्या पेन्शनी भागवायची सोय केली. तेव्हाच्या दराने ही रक्कम २२४ कोटी रुपये होते.