वीज-पाण्याची झडती : ऊर्ध्वपातनाचा जमाखर्च

प्रयोगशाळांच्या वीजतपासणीवरील या लेखमालेत, मध्यरात्रीच्या वीजभारानंतर उणे ऐंशी अंशांच्या शीतकपाटांकडे वळण्याचे मी कबूल केले होते. परंतु प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातनयंत्राचे जे पाणी मोरीत जाते त्याला विजेच्या तपासणीत स्थान ते काय, अशी पृच्छा बेळगावच्या एका वाचकांनी केली आहे, आणि हा प्रश्न माझ्या इतक्या आवडीचा, की शीतकपाटांना आठवडाभर तिष्ठत ठेवणे भाग आहे.

बंगळुरात वीज आणि पाणी या दोन खात्यांची सोयरीक जुनी आहे. 1902 साली शिवनसमुद्रम् येथे कावेरीच्या पडत्या पाण्यापासून निर्माण झालेली वीज प्रथम कोलारच्या सुवर्णखाणींना गेली, 1905 साली बंगळूरला मिळाली. आणि 1911 साली भारतीय विज्ञान संस्थेत विद्यार्थी येऊ लागले तेव्हा तिच्या आद्य विभागांत रसायन व विद्युत्-तंत्र शेजारी शेजारीच होते. आज व्यवहार उलटा आहे. त्याच मुलखातून, तोरेकाडनहळ्ळीहून, कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटर अंतर कापून, तीन टप्प्यांत सुमारे 500 मीटर चढून शहरात येते. हजार लिटर पाणी इतके उचलायला, पंपांतील घट न धरताही, 1.36 युनिट वीज खर्ची पडते.

आता यंत्राजवळ या. शीतनलिकेतून निघालेली रबरी नळी मोरीत सोडलेली असते; तिच्याखाली बादली धरून घड्याळ लावावे, यापरते दुसरे उपकरण नको. 25 अंशांवरच्या एक लिटर पाण्याची वाफ करण्यास 615 किलोकॅलरी, म्हणजे सुमारे 0.7 युनिट लागते. पैकी 540 किलोकॅलरी ती वाफ द्रवरूप होताना शीतजलाच्या माथी मारते, आणि ते जल 40 अंशांनी तापू दिले तरी साडेतेरा लिटर वाहवावे लागते. प्रत्यक्षात नळीचे पाणी हाताला जेमतेम कोमट लागते, कारण तोटी सढळ सोडलेली असते. तेव्हा नासाडी याहून किती अधिक, हे बादलीच सांगेल.

यावर यंत्रविक्रेते बंद फेऱ्याचे शीतकयंत्र सुचवितात. पाणी वाचते खरे. पण उष्णतेच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वीज ते घेते असे धरले, तर दर लिटरमागे 0.2 युनिट जाते, आणि ते साडेतेरा लिटर कावेरीतून वर आणण्याचा खर्च याच्या दशांशाच्या आसपास! म्हणजे केवळ विजेचे दप्तर तपासणारा अंमलदार तोटी वाहू द्या म्हणेल, आणि 2024 च्या उन्हाळ्यात शहरातील बोअरवेल आटलेल्या ज्याने पाहिल्या तो शीतकयंत्राच्या मागणीपत्रावर डोळे मिटून सही करील. एकाच कचेरीतून असे परस्परविरुद्ध दोन हुकूम सुटतात ते दोन्ही खाती निरनिराळ्या मेजांवर तपासली गेल्यामुळे.

माझे मत तिसऱ्या बाजूचे आहे. नळीचे तोंड मोरीऐवजी आवारातल्या जमिनीखालच्या टाकीत (‘संप’मध्ये) सोडावे. पाणी तिथे आपोआप निवते आणि शौचकूप व बाग यांना पुरते. मात्र बागेला भरपूर पाणी मिळते आहेसे पाहून तोटी आणखी सैल करण्याचा मोह होतो, म्हणून बादलीची चाचणी महिन्यातून एकदा चालूच ठेवावी. शीतकपाटे पुढील आठवड्यात.