गृहोद्योग, विवाहित स्त्रियांचे (इंटरनेटद्वारा)

विवाहित स्त्रीने राहत्या घरात, बहुधा स्वयंपाकघर हीच कर्मशाळा करून, स्वतःच्या अल्प भांडवलावर चालविलेला आणि मागणी, विक्री व वसुली मुख्यत्वे मोबाइलवरील इंटरनेटद्वारा होणारा व्यवसाय. मसाले, दिवाळीचा फराळ, पुरणपोळ्या, जेवणाचे डबे, शिवणकाम, साड्यांची विक्री, शिकवण्या इ. व्यवसाय यात मोडतात. कंत्राटदाराकडून कच्चा माल घेऊन नगावर मजुरी मिळविणाऱ्या स्त्रिया, उदा., सोलापूरच्या विडी कामगार, यात येत नाहीत. कारण त्यांचा ग्राहकाशी संबंध नसतो.

या कामाची परंपरा जुनी आहे. मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी १९५९ मध्ये ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ पापडाचा उद्योग आरंभिला. गिरणी कामगारांच्या खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. ज्यांना अशी संघटना लाभली नाही, त्या गृहिणीचा ग्राहकवर्ग मात्र शेजारपाजार, भिशी व नातेवाईक यांपलीकडे सहसा जात नसे. हळदीकुंकू हीच तिची जाहिरात.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, तरी संगणकाच्या काळात ती स्वयंपाकघरापर्यंत फारशी पोहोचली नाही. २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या आगमनानंतर मोबाइल डेटाचे दर कोसळले. त्याच वर्षी यूपीआय ही पैसे पाठविण्याची पद्धतीही सुरू झाली. या दोहोंमुळे व्यवहाराचा क्रमच उलटला. पूर्वी माल आधी तयार करून गिऱ्हाईक शोधावे लागे. आता गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर पदार्थांची यादी व छायाचित्रे जातात, मागणी नोंदली जाते, काही रक्कम आगाऊ येते आणि मग बाजारहाट होते. माल पडून राहत नाही, थोडे भांडवल पुरते. शेजारणीकडे उधारी मागण्याचा संकोचही बराच कमी होतो. घर व मुले सांभाळून, दुपारच्या दोन-तीन तासांत करता येण्याजोगे हे काम आहे. अर्थात घरकामात त्यामुळे काही घट होते असे नाही.

खरा प्रश्न मिळकतीवरील ताब्याचा आहे. स्त्रीने शिल्पकर्माने मिळविलेल्या धनावर कात्यायनाने पतीचे स्वामित्व मानले होते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ नुसार स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळविलेल्या मालमत्तेची हिंदू स्त्री पूर्ण स्वामिनी असते. व्यवहारात मात्र फोन आणि त्याला जोडलेले बँक खाते कोणाचे, यावर पुष्कळसे अवलंबून राहते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ३३.३ टक्के स्त्रियांनी व ५७.१ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरल्याचे आढळले. स्वतः वापरण्याचा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांपाशी होता. पतीच्या क्रमांकावर जमा होणारे पैसे तिच्या नावावर दिसत नाहीत. साहजिकच बँकेत कर्ज मागताना उलाढालीचा पुरावाही तिला दाखविता येत नाही.

ई-वाणिज्य संकेतस्थळांवरून वस्तू विकण्यास वस्तू व सेवाकर नोंदणी सक्तीची असल्याने लहान विक्रेत्या तेथून दूर राहत. १ ऑक्टोबर २०२३ पासून विहित मर्यादेत उलाढाल असणाऱ्यांना राज्यांतर्गत विक्रीपुरती यातून सवलत मिळाली. मात्र खाद्यपदार्थ विकणारीस, ते घरी केलेले असले तरी, अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक असते.