पानफुटीची तहान

पानफुटी ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळाच. पानापासून रोप तयार होते याचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकात हमखास तिचेच नाव येते. तिचे पान नुसते वहीत ठेवले तरी काठावरच्या खाचांतून इवली रोपे डोकावू लागतात. मूळची ही मादागास्कर बेटावरची. इतकी चिवट वनस्पती कुंडीत मात्र अनेकदा मरते, आणि बहुधा पाणी जास्त झाल्यामुळेच मरते. असे का व्हावे?

बेंजामिन हाइने हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट, असे त्यांना आढळले. ही गोष्ट त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळविली व ते पत्र १८१५ साली प्रसिद्ध झाले. (तुम्ही मात्र पान चाखू नका. त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ही पाने खाऊन गुरे दगावतात.)

या आंबटपणाचे कारण असे. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात. पानफुटी ती मुख्यतः रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींतील रिक्तिकांत साठवून ठेवते. दिवसा रंध्रे बंद. आम्लातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो आणि सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार होते.

यात फायदा किती, ते आपण आकड्यांनी पाहू. पानाच्या आतली हवा जवळजवळ बाष्पसंपृक्त असते. उन्हाळ्यात दुपारी तापमान ३७ अंश सेल्सिअस असेल, तर संपृक्त बाष्पदाब सुमारे ४७ मिलिमीटर पारा इतका असतो. रात्री २२ अंशांना तो सुमारे २० मिलिमीटर होतो. बाहेरच्या हवेतील बाष्पदाब दोन्ही वेळी १२ मिलिमीटर धरा. पाणी बाहेर ओढणारा फरक दुपारी ३५ मिलिमीटर आणि रात्री अवघा ८! म्हणजे रंध्रे तेवढीच उघडली तरी रात्री पाणी चौपटीहून कमी जाते.

जी वनस्पती पाणी इतके जपून खर्च करते तिला तुळशीच्या मापाने रोज तांब्याभर पाणी घातले, तर ते जाणार कुठे? ते मातीतच राहते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, कारण हवेच्या तुलनेत पाण्यात ऑक्सिजनचे विसरण सुमारे दहा हजार पट मंद असते. मुळे गुदमरतात आणि कुजतात.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यावा, असे पुष्कळजण सांगतात. भौतिकीला हे मान्य नाही. एक आयताकृती स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. पाणी ठिबकायचे थांबले, की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल. बारीक छिद्रांत केशाकर्षणाने ठराविक उंचीचा ओला थर टिकून राहतो. स्पंज उभा केला की त्या थराला जागा थोडी मिळते, आणि जास्तीचे पाणी गळते. कुंडीतही तसेच. खाली खडी घातल्याने हा ओला थर नाहीसा होत नाही. तो फक्त वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. खरा उपाय म्हणजे सबंध मातीच भरड करणे. निम्मी बागेतील माती, निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, आणि मूठभर पालापाचोळ्याचे खत. कुंडी भाजलेल्या मातीची, तळाला भोक असलेली घ्यावी. तिच्या बाजूंतूनही पाणी झिरपून वाळते. जागा खिडकीजवळ, काही तास ऊन येईल अशी.

पाणी केव्हा घालायचे? वार ठरवू नका, कुंडी उचलून पाहा. पाणी घातल्यावरचे वजन हाताला एकदा समजले की हलकी झालेली कुंडी लगेच ओळखू येते. पाने पातळ होऊन सुरकुतली तर झाड तहानले आहे. पिवळी, पाणचट झाली तर पाणी जास्त झाले आहे. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्यावी.

शाळेत एक प्रयोग करता येईल. आठवडाभर पाणी कमी करा (पाणी मुबलक असले तर पानफुटी दुपार कलल्यावरही रंध्रे उघडते). मग कुंडीला पॉलिथिनची पिशवी खोडाभोवती घट्ट बांधा, म्हणजे मातीतील पाणी उडणार नाही. सूर्यास्ताला, सूर्योदयाला आणि पुन्हा सूर्यास्ताला वजन करा. शेजारी तुळशीची कुंडी तशीच बांधून ठेवा आणि दोघींचे आकडे ताडून पाहा. आम्लही मोजता येते. पहाटे आणि संध्याकाळी सारख्या वजनाची पाने तोडून वाटा, रस पाण्यात गाळा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली सोडियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण थेंबाथेंबाने घाला. गुलाबी रंग टिकेपर्यंत कोणत्या रसाला किती थेंब लागले, ते लिहून ठेवा.

प्रयोगासाठी पाने तोडताना एक धड पान बाजूला काढा आणि ओलसर वाळूवर नुसते ठेवा. मुळे फुटेपर्यंत खाचांतील रोपांना लागणारे पाणी त्या पानातच असते.