ढेकर, गुबारा आणि वायगोळा

भोरकडून महाडला उतरणारी गाडी वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी थांबतेच. कढईतून नुकतीच काढलेली कांदाभजी, उकळता चहा, समोर कड्यावर साचलेलं धुकं आणि पुढे निघायची घाई. भजी दोन-चार घासांत संपतात, चहा फुरके मारत घशाखाली जातो आणि पुढच्या वळणांवर ढेकर सुरू होतात. ‘बेसन बाधलं’ असा निवाडा गाडीतच होऊन जातो. बेसनाचा काही परिणाम व्हायचाच असेल, तर तो काही तासांनी, मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर दिसतो. घाटातल्या वळणावर येणारे ढेकर बहुतांशी घाईचे असतात.

पोटात वारा दोन वाटांनी जमतो आणि या दोन वाटा वेगळ्या ओळखता आल्या, की निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

पहिली वाट तोंडाची. प्रत्येक घासाबरोबर, घोटाबरोबर थोडी हवा गिळली जाते. जठराचा वरचा भाग ताणला, की अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप क्षणभर सैल पडते आणि हवा वर येते. हाच साधा ढेकर. दिवसभरात असे पंचवीस-तीस ढेकर आले, तरी तो आजार नव्हे. दुसरी वाट मोठ्या आतड्याची. लहान आतड्यात न पचलेलं अन्न तिथल्या जिवाणूंच्या ताब्यात जातं, आंबतं आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांच्या पोटात मिथेन तयार होतो. या वायूंना वास नसतो. दुर्गंधी येते ती अगदी अल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त वायूंची. दिवसातून दहा-वीस वेळा वारा सरणं हेही निरोगी पोटाचंच लक्षण आहे.

हा भेद जुन्यांनाही ठाऊक होता. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अडवून धरू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत. त्यांत ढेकर आणि अधोवायू वेगवेगळे मोजले आहेत. वरंध घाटाखालच्या खोऱ्यात शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्याच दासबोधात तिसऱ्या दशकाच्या सहाव्या समासात देहाला छळणाऱ्या व्याधींची लांबलचक यादी येते आणि तीत वायगोळाही आहे. पोटातल्या वाऱ्याची तक्रार काही आजच्या धावपळीतून जन्मलेली नाही.

ढेकरांचा त्रास असणाऱ्याने आधी आपल्या खाण्याकडे पाहावं. भराभर जेवणं, तोंडात घास असताना बोलणं, चहाचे फुरके, बाटलीतला सोडा, स्ट्रॉ, च्युइंगम, सैल झालेली कवळी या सगळ्यांतून हवा आत जाते. मिश्री, तंबाखू किंवा सुपारी सतत तोंडात असली, की लाळ सुटते आणि लाळेच्या प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवाही पोटात जाते.

याखेरीज ढेकरांचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याची ओळख फार थोड्यांना असते. काही जण तासन्‌तास, मिनिटाला अनेक ढेकर देतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००४ मध्ये अशा रुग्णांच्या अन्ननलिकेत बारीक नळी बसवून हवेचा प्रवास मोजला. ही हवा जठरापर्यंत पोहोचतच नव्हती. ती अन्ननलिकेत ओढली जात होती आणि तिथूनच लगेच बाहेर फेकली जात होती. म्हणजे ही नकळत जडलेली सवय असते. म्हणूनच झोपेत हे ढेकर थांबतात आणि माणूस गप्पांत रमला, की कमी होतात. ‘आत गॅस अडकलाय’ म्हणून ओढून ओढून ढेकर काढणाऱ्याची ही सवय आणखी पक्की होत जाते.

यावरचा उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही. आरामात बसावं किंवा पाठीवर झोपावं. एक हात छातीवर, एक बेंबीवर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घ्यावा, तेव्हा बेंबीवरचा हात उचलला गेला पाहिजे आणि छातीवरचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. मग त्याहून सावकाश श्वास सोडावा. रोज दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं सराव करावा आणि ढेकर येणार असं वाटताच हाच श्वास सुरू करावा. पोटाने श्वास घेत असताना हवा ओढून घेणं अवघड जातं.

इथे खायच्या सोड्याची गोष्ट सांगायलाच हवी. सोडा किंवा फसफसणारी चूर्णं घेतली, की जठरातल्या आम्लाशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि मोठा ढेकर येतो. ‘गॅस निघाला’ असं समाधान वाटतं, पण त्यातला बराचसा गॅस त्या सोड्यानेच तयार केलेला असतो. शिवाय सोड्यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तो रोज घेणं धोक्याचं आहे.

आता खालचा वायू. भातकापणी झाली, की रायगडात जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात. वाल, पावटा, चवळी, हरभरा या कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्यामुळे त्या जशाच्या तशा जिवाणूंच्या पुढ्यात जातात. पण बिरडं करायची जुनी रीत पाहिली, तर उपाय त्या रीतीतच दिसतो. कडवे वाल रात्री भरपूर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी ते पाणी फेकून द्यायचं, वाल फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. भिजवल्याने या शर्करा पाण्यात उतरतात आणि मोड येताना आणखी घटतात. फोडणीत हिंग-जिरं आणि वरून आमसूल. थंडीत मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, तेव्हाही मीठ-ओवा विसरत नाहीत.

हिंग, ओवा, बडीशेप यांच्यामागे शेकडो वर्षांचा अनुभव आहे. ओव्याचा उग्र वास थायमॉलचा. हिंगाष्टक चूर्णात हिंगाबरोबर सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव आणि दोन्ही जिरी असतात. ते तुपात कालवून पहिल्या घासाला घ्यायची पद्धत आहे. आलं जठर रिकामं व्हायला मदत करतं, हे प्रयोगांतही दिसलं आहे. तरी कुठलाही मसाला खाण्याची घाई भरून काढत नाही.

धान्यांमध्ये तांदूळ सर्वांत कमी वायू करतो, कारण त्यातला स्टार्च जवळजवळ पूर्णपणे लहान आतड्यातच शोषला जातो. पोट बिघडलं, की कोकणात पेज देतात, ती योग्यच आहे. उलट गहू, कांदा, लसूण आणि फणस काहींना बाधतात, तर काहींना दूध पचत नाही. सगळं एकदम सोडण्यापेक्षा एकेक पदार्थ दोन आठवडे बंद ठेवून पाहावा, फरक नसेल तर पुन्हा सुरू करावा. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते दूर करावं. जेवणानंतरची शतपावली आणि रिकाम्या पोटी पवनमुक्तासन यांनी अडकलेला वारा पुढे सरकतो.

मात्र वजन घटणं, घास अडकणं, काळी किंवा रक्ताची शौच, वारंवार उलट्या, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेला त्रास यांपैकी काही दिसलं, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावं.

आणि छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, सोबत दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू नये. हृदयविकाराच्या झटक्यातही ढेकर येतात. मधुमेही व्यक्तींमध्ये आणि स्त्रियांमध्ये तर कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसतं पोट जड वाटतं. वाडी-वस्तीवरून दवाखाना दूर असतो, म्हणून तर अधिकच लवकर १०८ ला फोन करावा, जवळचं रुग्णालय गाठावं आणि ईसीजी काढून घ्यावा. हृदयाचा विकार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर हिंग-ओव्याचा डबा घरात आहेच.