भिंत नसलेला तुरुंग आणि एक जुना सिनेमा

म्हसवडहून दिघंचीमार्गे आटपाडीला निघालं की सातारा जिल्हा कुठे संपला आणि सांगली कुठे सुरू झाला, ते कळत नाही. तेच माळ, त्याच बाभळी, मधूनच एखादी डाळिंबाची बाग. या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. सरकारी कागदोपत्री ती कैद्यांची खुली वसाहत, म्हणजे तुरुंगच, पण भिंतीवाचूनचा. शिक्षा झालेली माणसं इथे बायकापोरांसह राहतात आणि शेती करतात. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’चं मूळ या वस्तीत आहे, हे आज माणदेशातल्या मुलांनाही सांगावं लागतं.

वसाहत उभी राहिली 1939 साली, औंध संस्थानात. औंध म्हणजे 72 गावांचं विखुरलेलं छोटं राज्य. आटपाडी त्यातलाच एक तालुका. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. त्याच वर्षी त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून कारभार प्रजेच्या हाती दिला. या कामात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब होते आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअरही. फ्रीडमन यांनी भारतानंद हे नाव घेतलं होतं. पुढे निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवले तेही यांनीच. कैद्याला कोंडून ठेवण्यापेक्षा त्याला जमीन द्यावी, घर द्यावं आणि त्याच्यावर विश्वास टाकावा, ही कल्पना अशा माणसांच्या संगतीत रुजली. आणि रुजली कुठे, तर पाऊस हमखास पाठ फिरवतो अशा आटपाडीच्या माळावर.

ग. दि. माडगूळकर याच मातीतले. जन्म शेटफळ्याचा, घर माडगूळचं, शिक्षणाचा काही काळ औंधात. ‘दो आँखें’ची कथा-पटकथा त्यांची. 1957 साली चित्रपट आला. ‘झनक झनक पायल बाजे’च्या रंगांनी प्रेक्षकांना दिपवून दोनच वर्षं झाली होती, तरी शांतारामबापूंनी हा चित्रपट कृष्णधवल केला. मला तो त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. उजाड रान, घामेजलेल्या पाठी आणि त्यांनीच साकारलेल्या जेलर आदिनाथचे ते डोळे रंगात इतके टोचले नसते.

बाजाराचा प्रसंग पुन्हा पाहा. सहा खुनी कैदी, म्हणजेच ते बारा हात, आपण पिकवलेली भाजी विकायला आणतात. भाव वाजवी, म्हणून गिऱ्हाइकांची झुंबड. व्यापाऱ्यांचं पित्त खवळतं आणि त्यांचे गुंड तुटून पडतात. एका हिसक्यात समोरच्याला लोळवतील असे हे गडी मार खातात. हात उचलायचा नाही, असा शब्द जेलरला दिलेला असतो. इथे संवादांची गरजच पडत नाही. वसंत देसाईंचं संगीतही असंच, कमीत कमी वाद्यांत आभाळ भरून टाकणारं. यातली प्रार्थना आजही शाळाशाळांतून म्हटली जाते. ती कोणत्या चित्रपटातली, हे म्हणणाऱ्या पोरांना ठाऊक नसतं.

बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात शांतारामबापूंच्या डोळ्यांना खरोखरच इजा झाली. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, 1958 साली बर्लिनचं रौप्य अस्वल मिळालं.

पण पडद्यावरच्या गोष्टीत आणि स्वतंत्रपुरात एक मोठा फरक आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. सिनेमातले कैदी एकटे. मायेचा ओलावा त्यांना मिळतो तो खेळणी विकणाऱ्या चंपाकडून. स्वतंत्रपुरात कैद्याची माणसंच त्याच्याजवळ येऊन राहतात. सिनेमात सगळा भार एका जेलरच्या नजरेवर आहे आणि शेवटी तो मरतो. स्वतंत्रपूर मात्र एका माणसावर थांबलं नाही. राजे गेले, 1948 साली संस्थान विलीन झालं, तरी वसाहत राज्याच्या तुरुंग खात्यात चालू राहिली. सिनेमाने प्रयोगाला कीर्ती दिली; प्रयोगाचं खरं बळ मात्र तो पाहून पुरतं कळत नाही.

गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ही औंध संस्थानातलीच. धनगरांच्या वाडीवर नेमलेला पोरसवदा मास्तर आणि तालमीच्या उद्घाटनाला येणारे राजेसाहेब त्यात भेटतात. अमोल पालेकरांनी त्यावर 1995 साली चित्रपट केला. दोन भावांच्या दोन गोष्टी एकाच मुलखातल्या, आणि दोन्हींत राज्यकर्ता प्रजेवर विश्वास टाकून बघतो. हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहायला हवेत.

माणदेशातल्या मंडळींना म्हणून एक विनंती आहे. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, पंचक्रोशी लोटते. त्या गर्दीत एका रात्री मोकळ्या मैदानात पडदा बांधा आणि ‘दो आँखें बारह हाथ’ दाखवा. सुरू करण्याआधी पोरांना एवढंच सांगा की ही गोष्ट आपल्या शेजारच्या तालुक्यातली आहे, आणि ती वसाहत आजही तिथे आहे.