तंबूखालचा सातबारा

अंबरनाथहून मलंगगड दिसतो, बदलापुरातून तावली दिसते आणि वांगणीच्या वाटेवर लोकलच्या खिडकीतून चंदेरीचा सुळका मान वर काढतो. इतका डोंगर दाराशी असल्यावर तिथे रात्र काढावीशी वाटणं साहजिकच आहे. पूर्वी हे वेड गिर्यारोहण संस्थांपुरतं होतं. आता दोन-तीन हजारांत तंबू घरपोच येतो, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पाठीवर गुंडाळी बांधलेली पोरं कल्याणपासून कर्जतपर्यंत प्रत्येक फलाटावर दिसतात.

यांच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, उघड्या माळावर झोपायला माणशी हजार-पंधराशे कशाला मोजायचे? दुसरा म्हणतो, पैसे मोजले की डोक्याला ताप नाही, सगळी काळजी कॅम्पवाला घेतो. दोघांचंही अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माणसं अडकतात. कधी वनरक्षकाच्या तावडीत, कधी पाण्यात.

‘जंगल, नदी, डोंगर सगळ्यांचे. तिथे झोपायला परवानगी कसली?’

हा समज बहुधा परदेशी व्हिडिओंमधून आला असावा. नॉर्वेत १९५७च्या कायद्याने लोकांना मोकळ्या रानात तंबू ठोकण्याचा हक्क आहे. राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं आणि वस्तीजवळच्या भागात एका जागी दोन रात्रींहून जास्त काढायच्या तर मालकाला विचारायचं. स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने असाच हक्क दिला. इंग्लंडमध्ये मात्र तो सरसकट नाही. डार्टमूरच्या माळावर तंबू लावता येतो की नाही, हा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ साली लोकांच्या बाजूने सुटला. आपल्याकडे असा हक्क देणारा कायदाच नाही.

आपल्याकडे प्रत्येक जमिनीला धनी आहे. मुरबाड-बदलापूर-कर्जतच्या पट्ट्यात तंबूखालची जमीन साधारण चारपैकी एका प्रकारची निघते. डोंगरउताराची बरीच जमीन वनखात्याची. गावाभोवतीचा माळ कित्येकदा गुरचरण, म्हणजे सरकारी. धरणाच्या कडेची जमीन त्या धरणाच्या खात्याची. बारवी धरण तर एमआयडीसीचं. उरलेली खासगी, कुणा शेतकऱ्याची किंवा मुंबईत बसून प्लॉट घेतलेल्या कुणाची. ‘कुणाचीच नाही’ असा पाचवा प्रकार नसतो. सातबारा आता ऑनलाइन बघता येतो. गट नंबर माहीत असला की पाच मिनिटांचं काम.

यातल्या वनजमिनीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. भारतीय वन अधिनियम १९२७चं कलम २६ राखीव वनातला विनापरवाना प्रवेश, आग पेटवणं आणि वनोपज उचलणं या तिन्ही गोष्टी गुन्हा ठरवतं. ‘खाली पडलेली सुकी लाकडं तर उचलली,’ हे उत्तर तिथे चालत नाही. वाडीतली ठाकूर किंवा कातकरी बाई मोळी घेऊन जाताना दिसते म्हणून पाहुण्यालाही मुभा आहे, असंही समजू नये. तिच्यासाठी २००६चा वन हक्क कायदा आहे, आपल्यासाठी नाही. अभयारण्य असेल तर १९७२चा वन्यजीव कायदा आणखी कडक आहे.

मग इतकी वर्षं लोक चंदेरीच्या गुहेत झोपत आलेच ना? आले. कुणी हटकलं नाही म्हणजे परवानगी होती, असं मात्र नाही. पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या किल्ल्यांवर तर मुक्कामाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. केंद्राच्या ताब्यातली स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात उघडी असतात. जुलै २०२५मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. या किल्ल्यांवरची देखरेख आता वाढणार, कमी होणार नाही.

‘छोटीशी शेकोटी, त्याने काय होतं?’

मोकळ्यावर रात्र म्हटली की शेकोटी आलीच, असं आपण धरून चालतो. आपल्या डोंगरांवरचं गवत दिवाळीनंतर सुकायला लागतं आणि फेब्रुवारीत ते पेट घ्यायला टपलेलं असतं. पुढे पाऊस येईपर्यंत वणव्यांचा हंगाम. विझलीशी वाटणारी राख पहाटेच्या वाऱ्यावर पुन्हा फुलते. रान जळतंच, पण पायथ्याच्या वाडीने घरं शाकारायला आणि गुरांसाठी राखलेलं गवतही जळतं. वर आलेले ट्रेकर तोवर सकाळच्या लोकलने घरी पोचलेले असतात.

थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची घमेली तंबूत घेणारेही आहेत. हे तर सरळ मरणाला आवतण आहे. कोळशाच्या धुगधुगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. एक जादा पांघरूण न्यावं, विषय संपला.

‘कॅम्पिंगची खरी मजा पावसाळ्यात, तीही पाण्याच्या कडेला’

ही समजूत जीवघेणी आहे.

कोंडेश्वरचं कुंड, बारवीचा परिसर, भिवपुरीचे धबधबे इथे पावसाळ्यात दरसाल जमावबंदीचे आदेश निघतात आणि दरसाल लोक ते ‘पोलिसांचा जाच’ म्हणून उडवून लावतात. पूर्वी हे आदेश कलम १४४खाली निघत. जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली निघतात. मोडले तर गुन्हा दाखल होतो. पण दंडाची भीती ही यातली सगळ्यात किरकोळ भीती आहे.

सह्याद्रीतले ओढे आखूड आणि तीव्र उताराचे. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरमाथ्यावर तासभर कोसळलेलं पाणी एकदम खाली येतं. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. मधल्या खडकावर उभं राहून मदतीसाठी हात हलवणारं ते कुटुंब साऱ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिलं. जे दिवसाढवळ्या, शेजारी माणसं असताना झालं, ते रात्री तंबूत झोपलेल्यांच्या बाबतीत कुणाला कळणारही नाही.

बदलापूरकरांना तर उल्हास नदी काय करू शकते हे सांगायला नको. २६ जुलै २००५चा पूर झाला. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना नौदल आणि एनडीआरएफच्या बोटींनी बाहेर काढावं लागलं. जिथे रेल्वेगाडी अडकते तिथे नायलॉनच्या तंबूचा काय पाड! तरी नदीकाठची हिरवळ दाखवून ‘रिव्हरसाइड’ म्हणून पैसे घेणारे सापडतातच. जागा घेण्याआधी ती पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे विचारावं. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पावसाळ्यात तंबू नकोच.

पाण्यापासून लांब म्हणून कड्याखाली सरकणं हाही उपाय नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना जो धोका दिसला नाही, तो शनिवारी संध्याकाळी आलेल्याला दिसेल अशी आशा करू नये. आपल्या भागात तंबूचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पक्क्या छपराखाली झोपावं आणि पाऊस पडवीतून पाहावा.

‘रानात बिबट्याची भीती, म्हणून फुकट नको’

बिबट्या रानात आहे तसा वस्तीतही येतो. नोव्हेंबर २०२२मध्ये तो कल्याण पूर्वेतल्या एका इमारतीत शिरला होता. खरकटं उघड्यावर टाकलं नाही, रात्री एकट्याने भटकलं नाही, तर तंबूतल्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही.

खरा धोका मण्यारीचा. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. चावा इतका बारीक की कित्येकांना कळतही नाही. मग पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. तंबूभोवती मीठ, फिनेल किंवा गंधकाची रेघ ओढली की साप थांबतो, हा निव्वळ समज आहे. तळ शिवलेला तंबू, ओढून बंद केलेली चेन, सकाळी झटकून घातलेले बूट आणि हातात विजेरी, हाच बंदोबस्त. चावल्याची शंका आली तरी मांत्रिक नको, चिरा देणं नको, आवळून बांधणं नको. माणसाला शांत ठेवून, हातपाय न हलवता सरकारी रुग्णालय गाठावं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. म्हणजे साप मारून बाटलीत घालून नेण्याचीही गरज नाही.

‘पैसे भरले, आता जबाबदारी त्यांची’

पैसे देऊन मिळतं ते बहुतेकदा बार्बेक्यू, गाणी आणि रांगेतला संडास. सुरक्षितता त्यात आपोआप येत नाही. महाराष्ट्राने कृषी पर्यटनाचं धोरण २०२० साली आणि साहसी पर्यटनाचं ऑगस्ट २०२१मध्ये आणलं. त्यांखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा, असं कॅम्पवाल्याला बुकिंगआधी म्हणून बघा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे बाकीचं काय असेल याचा अंदाज येतोच. जागा स्वतःची की भाड्याची, रात्री जबाबदार माणूस जागेवर असतो का, पाण्यात उतरू देणार असाल तर लाइफ जॅकेट आहेत का, ओल्या गवतावरून दिव्यांच्या माळेच्या वायरी कशा नेल्यात, एवढं विचारणं हा आगाऊपणा नाही.

आणि मालकाने परवानगी दिली म्हणून दारूबंदी कायदा रद्द होत नाही. त्याच्या हिरवळीला परवाना कक्ष समजणारे गट पाहिले की कॅम्पवाल्याचीच दया येते.

‘गाडीतच घर केलं की कुठेही थांबा’

करोनानंतर कॅरॅव्हॅनची हवा सुरू झाली. मेलबर्न-सिडनीकडची आपली मराठी कुटुंबं भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन हिंडतात, त्यांचे फोटो बघून इथेही टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग ठोकायचे बेत होतात. तिकडे ठरलेल्या जागांचं जाळं आहे. फुकट जागा कुठली आणि पैशाची कुठली याच्या पाट्या असतात. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं आणि वीज, पाणी, सांडपाणी यांची सोय असलेल्या पार्कची कल्पना त्यात आहे. केरळने त्याच वर्षी धोरण जाहीर करून २०२२मध्ये वागमोणला पार्क सुरूही केला. आपल्याकडे अजून भिस्त रिसॉर्टच्या आवारावरच आहे.

परवान्याची उगाच भीती बाळगली जाते. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं आहे. अडचण दुसरीकडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड होऊ शकतो. गॅरेजवाला हे सांगत नाही. रात्रभर इंजिन चालू ठेवून एसीत झोपण्याबद्दल वर निखाऱ्यांच्या घमेल्याविषयी लिहिलं तेच लागू.

‘आम्ही कचरा उचलतो, मग गावाला काय त्रास?’

बारवीचं पाणी उल्हासनगरच्या नळाला येतं. त्या धरणाच्या पाणलोटात उघड्यावर बसणारा उल्हासनगरचा कॅम्पर सोमवारी तेच पाणी भरतो, हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खड्डा, वर माती, एवढा नियम पाळावाच. ओले टिश्यू मात्र कुजत नाहीत; ते परत आणायचे.

फुकट आणि पैशाचं यांच्या मधली एक वाट आहे आणि माझ्या मते या पट्ट्यात तीच उत्तम: पायथ्याच्या वाडीत कुणाच्या तरी कापणी झालेल्या शेतात किंवा अंगणात, विचारून तंबू लावणं. प्रबळमाचीसारख्या ठिकाणी गावकऱ्यांनीच हा व्यवसाय नीट बसवला आहे. तंबूमागे थोडे पैसे, पिठलं-भाकरीचे वेगळे, ते थेट त्या घरात जातात. जमिनीचा मालक समोर असतो, ओढा कुठवर चढतो हे त्याला ठाऊक असतं, आणि रात्री काही झालंच तर हाकेच्या अंतरावर माणूस असतो. त्या घरची माणसं उजाडताच कामाला लागणार असतात, तेव्हा स्पीकर घरी ठेवून जा.

निघण्याआधी कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी लिहून ठेवा, आणि तीन नंबर पाठ करा: पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, वनखात्यासाठी १९२६. डोंगराच्या कुशीत रेंज जाते, म्हणून फोन कुठून लागतो ते वाडीतल्या माणसाला उजेडातच विचारून घ्या.