सिगारेट सोडली, आता मन का बिनसलंय?

सिगारेट सोडून चौथा दिवस. कामावरून आलेला माणूस चपला काढता काढताच मुलावर खेकसतो. टीव्हीचा आवाज त्याला सहन होत नाही, आमटीत मीठ कमी पडलं म्हणून तो ताट बाजूला सारतो. रात्री पाठ टेकल्यावर काही कारण नसताना त्याचे डोळे भरून येतात. बायकोनं दोन-तीन दिवस सोसलेलं असतं, शेवटी ती म्हणते, "अहो, त्यापेक्षा खाली जाऊन एक ओढून या." ती हे मायेनंच म्हणते. पण सिगारेट सोडण्याचे कितीतरी प्रयत्न याच वाक्यापाशी मोडतात.

फुप्फुसांचं आणि हृदयाचं काय होतं, हे आपल्याला वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं आहे. मनाचं काय होणार, हे मात्र सोडणाऱ्याला फारसं कुणी सांगत नाही. डॉक्टर "आता बंद करा" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला बोलावतात. मग मन बिनसलं की माणूस आपल्या परीनं त्याचा अर्थ लावतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

"सिगारेटनंच माझं डोकं शांत राहायचं"

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात पक्का गैरसमज. पक्का यासाठी, की ओढणाऱ्याला तो दिवसातून दहा वेळा खरा वाटतो. झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचतं, तिथे डोपामिन हे रसायन सुटतं आणि बरं वाटतं. मात्र रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटीनला प्रतिसाद देणाऱ्या जागा, म्हणजे रिसेप्टर, वाढत जातात. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की या वाढलेल्या जागा रिकाम्या राहतात आणि बेचैनी सुरू होते. पुढची सिगारेट ती बेचैनी घालवते आणि श्रेय घेऊन जाते. एखाद्या सावकाराचं व्याज चुकवायला त्याच्याकडूनच नवं कर्ज काढावं, तसा हा व्यवहार आहे. साहेब ओरडल्यावर ओढलेल्या सिगारेटनं साहेब बदलत नाही, कामही कमी होत नाही. कमी होते ती आधीच्या सिगारेटनं मागे ठेवलेली तगमग.

हा नुसता तर्क नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2014 साली 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाले होते, आणि हे मोजलं होतं सोडल्यानंतर किमान सहा आठवड्यांनी. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही चित्र असंच दिसलं. 2021 मध्ये कॉक्रेन संस्थेनं हाच आढावा 102 अभ्यासांपर्यंत वाढवला, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. हे बहुतांशी निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत, त्यामुळे सगळा फरक निव्वळ सिगारेट सोडल्यामुळे पडला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी सिगारेट गेली म्हणजे मनाचा आधार गेला, ही भीती या आकड्यांपुढे टिकत नाही. मला विचाराल, तर डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पेशंटला सांगावी अशी ही गोष्ट आहे.

"आता मी कायमचा असाच राहणार"

नाही. या त्रासाला तारखा आहेत. शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांतच तो सुरू होतो, पहिल्या आठवड्यात, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला सर्वांत वर जातो आणि बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. चिडचिड, चिंता, अस्वस्थता, लक्ष न लागणं, भूक वाढणं, झोप मोडणं आणि उदास वाटणं ही सातही लक्षणं मानसोपचाराच्या निदानग्रंथात निकोटीन सुटल्याची लक्षणं म्हणून नोंदलेली आहेत. म्हणजे तुमचा स्वभाव बिघडलेला नाही आणि तुम्ही मनाचे कच्चेही नाही. मेंदूच्या तपासणीतून असं दिसलं आहे, की वाढलेले रिसेप्टर सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर येतात. शरीर स्वतःहून परत फिरत असतं, त्याला वेळ द्यावा लागतो.

ही वाट सरळ मात्र नसते. दहाव्या दिवशी एकदम मोकळं वाटतं आणि बाराव्या दिवशी पुन्हा काहीच नको होतं. माणूस तिथे खचतो, सगळं पहिल्यापासून सुरू झालं असं त्याला वाटतं. तसं झालेलं नसतं. तलफ आली तरी ती काही मिनिटं टिकते आणि ओढली नाही तरीही उतरते. पुढे कधी लग्नाच्या मांडवामागे मित्र पाकीट काढतात, कधी घरात वाद होतो, आणि महिन्यांनी विसरलेली तलफ पुन्हा उठते. तीही तशीच जाते.

चहा

टपरीवर कटिंग आणि सिगारेट ही जोडी आपल्याकडे इतकी घट्ट आहे, की सिगारेट सोडणारा पुष्कळदा चहा वाढवतो. हाताला काहीतरी हवं असतं, आणि टपरीवर जायचं निमित्तही. इथे शरीरात एक गोष्ट घडते, जी फार थोड्यांना ठाऊक असते. सिगारेटच्या धुरातल्या डांबरी द्रव्यांमुळे यकृतातलं एक विकर जास्त वेगानं काम करतं आणि चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर निकालात काढतं. धूर थांबला की काही दिवसांतच त्या विकराचा वेग उतरतो. कप तेवढेच राहिले तरी रक्तातलं कॅफिन वाढतं, अगदी दुपटीच्या आसपासही जाऊ शकतं. मग छातीत धडधडतं, हात थरथरतात, रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे असतात. आळ येतो सिगारेट सोडण्यावर, आणि त्यातला काही वाटा कपातला असतो. सोडल्यावर पहिल्या आठवड्यापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा आणि संध्याकाळनंतर बंद ठेवा. एवढ्यानंच काही जणांची झोप परत येते.

याच विकराच्या मार्गानं काही औषधंही शरीराबाहेर पडतात. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधं, तसंच दम्यासाठी वापरलं जाणारं थिओफिलिन त्यांत मोडतात. सिगारेट बंद केल्यावर त्यांचा तोच डोस अंगाला जड होऊ शकतो. यातलं काही चालू असेल तर सोडण्याची तारीख आधी डॉक्टरांना सांगा, डोस ते ठरवतील. निकोटीनचा गम किंवा पट्टी वापरली म्हणून यात फरक पडत नाही, कारण विकराला वेग देणारा धूर असतो, निकोटीन नव्हे.

ओघानं पोटाचंही सांगतो. "सकाळी एक ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खोटी नाही. निकोटीन आतड्यांना चालना देतं, ते थांबलं की काही जणांना बद्धकोष्ठ होतो, आणि पोट जड असलं की मनही जड राहतं. पाणी, पालेभाजी, भाकरी, सकाळचं चालणं आणि लागलंच तर इसबगोल एवढ्यावर ते मार्गी लागतं. त्यासाठी सिगारेट परत सुरू करायची गरज नाही.

"नैराश्य असणाऱ्यानं सोडण्याच्या फंदात पडू नये"

हा गैरसमज घरचेच नव्हे, तर कधीकधी उपचार करणारेही बाळगून असतात, आणि त्यापायी मानसिक आजार असलेली माणसं आयुष्यभर ओढत राहतात. 2016 साली लॅन्सेटमध्ये 8,144 जणांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे निम्म्यांना मानसिक आजार होता किंवा पूर्वी होऊन गेला होता. सिगारेट सोडण्यासाठी दिली जाणारी व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधं, निकोटीनची पट्टी आणि नकली गोळी यांची त्यात तुलना झाली. औषध घेणाऱ्यांमध्ये मनाचे गंभीर त्रास नकली गोळीवाल्यांपेक्षा लक्षणीय प्रमाणात वाढले नाहीत आणि सिगारेट सुटण्याचं प्रमाण मात्र वाढलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं व्हॅरेनिक्लिनच्या वेष्टनावरची मानसिक दुष्परिणामांबद्दलची ठळक चौकटीतली सूचना काढून टाकली. ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेलं आहे, त्यानं सोडावं आणि आपल्या डॉक्टरांना सांगून सोडावं. पहिले काही महिने त्यांच्या संपर्कात राहावं. चालू औषधं मनानं बंद करू नयेत.

"गम म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरं"

गममधलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू शोषलं जातं. सिगारेटसारखी झटक्यात चढणारी लाट त्यात नसते, डांबर नसतं, कार्बन मोनॉक्साइड नसतो. मन सावरण्याचे पहिले आठवडे त्यामुळे सुसह्य होतात. गम उपयोगी पडला नाही असं सांगणाऱ्या अनेकांनी तो चुकीच्या पद्धतीनं खाल्लेला असतो. साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहिलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. मग उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि माणूस पाकीट फेकून देतो. गम सावकाश चावायचा. तिखटसर, झिणझिण्या आल्यासारखी चव लागली की थांबून तो गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचा. चव उतरली की पुन्हा थोडा चावायचा आणि जागा बदलून पुन्हा धरायचा. एक गम अर्धा तास असा पुरतो. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा-कॉफी घ्यायची नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. दोन आणि चार मिलिग्रॅम असे प्रकार मिळतात. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवणाऱ्याला सहसा चारचा लागतो. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

मन हलकं करायला म्हणून सिगारेटऐवजी तंबाखू मळणं, ही मात्र सुटका नव्हे. महाराष्ट्रात ही पळवाट विशेष सोपी आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते आणि तंबाखू, मिश्री, गुटखा यांसारखं धूरविरहित सेवन करणारे सुमारे 24 टक्के. चुना लावलेल्या चिमटीतूनही तेच निकोटीन येतं. मेंदू सावरण्याची उलटगणती सुरूच होत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दारूचंही तसंच. ती मन आणखी खाली ओढते आणि दुसऱ्या पेगनंतर नकार द्यायची ताकद उरत नाही.

या दिवसांत करायच्या गोष्टी साध्या आहेत. तलफ आली किंवा राग चढू लागला की उठून दहा मिनिटं भराभर चाला. अशा छोट्या चालण्यानं तलफ कमी होते, हे अभ्यासांतून दिसलं आहे. मन नको म्हणत असलं तरी ठरलेली कामं करा, भजनी मंडळ असो की रविवारचं क्रिकेट. या काळात उत्साह आधी येत नाही, कामाला लागल्यावर येतो. घरच्यांना आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तारीख सांगून ठेवा: "पुढचे पंधरा दिवस मी चिडेन, मनावर घेऊ नका, आणि मला सिगारेट देऊ नका." मोहाच्या क्षणी एक ओढलीच, तर पाकीट विकत घेऊ नका आणि उद्याची वाटही पाहू नका, त्याच क्षणापासून पुन्हा बंद. खरं नुकसान एका सिगारेटपेक्षा "आता गेलंच सगळं" या विचारानं होतं.

एक सीमारेषा मात्र लक्षात ठेवा. सलग दोन आठवडे दिवसाचा बराचसा वेळ उदासी असेल, आवडीच्या कशातच जीव रमत नसेल, किंवा महिना उलटूनही मन वर येत नसेल, तर ते निकोटीनच्या नावावर खपवू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नको वाटण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तरी दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी सेवेला 14416 वर फोन करा.

सिगारेट सोडण्यासाठीची राष्ट्रीय क्विटलाइन 1800-11-2356 या क्रमांकावर आहे. सप्टेंबर 2018 पासून हा नंबर सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मन बिनसेपर्यंत थांबू नका, सोडण्याची तारीख ठरवतानाच हा फोन करा.